घरी पोचलो तरी ऑफिस डोक्यातून जात नाही, रिलॅक्स व्हायचं कसं?

ज्यांनी प्रश्न विचारलाय त्यांचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ लागेल. वय ३४, राहायला डोंबिवली, नोकरी बीकेसीत, अकाउंट्समधे. सकाळी सातच्या आत घर सोडायचं, रात्री साडेआठ-नऊला परत. दारात सहा वर्षांची मुलगी धावत येते आणि नेमकं तेव्हाच 'आत्ता कोणी माझ्याशी बोलू नये' असं वाटतं, मग असं वाटलं म्हणून वाईट वाटतं. जेवताना मोबाइल, जेवल्यावर मोबाइल, साडेबारा-एक कधी वाजला कळत नाही. आडवं झालं की ऑफिसमधली बोलणी डोक्यात सुरू. मेडिटेशनचं अ‍ॅप लावून बघितलं तर डोळे मिटल्यावर ऑफिसच जास्त दिसायला लागलं. बायको ठाण्याला नोकरी करते, वन बीएचके आहे, आई सोबत असते. आणि शेवटी विचारलंय की रिलॅक्स व्हायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, दादरला प्रॅक्टिस करते, वीसेक वर्षं होत आली. संध्याकाळी उशिराच्या अपॉइंटमेंटला येणारे बरेच जण थोड्याफार फरकाने हेच सांगतात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

तुम्ही विचारताय रात्री काय करू. माझ्या मते गाडी त्याच्या बरीच आधी अडकलीय. साडेसहाला तुम्ही लॅपटॉप बंद करता पण दिवस बंद करत नाही, तो तसाच उघडा ठेवून कुर्ल्याची बस पकडता आणि मग दोन तासांनी घरी येऊन अपेक्षा करता की आता डोकं शांत व्हावं. तुम्ही अकाउंट्सवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते, दुकानदार शटर ओढण्याआधी गल्ला मोजतो, रोजमेळ लिहितो, मग कुलूप लावतो, ते न करता घरी गेला तर त्याला रात्री झोप लागेल का? तुमचा रोजमेळ रोज लिहायचा राहतोय.

आता यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात म्हणून उपाय चुकतात. एक शरीराचा ताण आणि दुसरी डोक्यात उघडी राहिलेली कामं. शरीराचं असं की ताण आला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, खांदे-जबडा आवळला जातो, मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन येतं. या कॉर्टिसॉलचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं, सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यात जास्त असतं आणि मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी होतं. म्हणजे संध्याकाळी शरीर आपलं आपण खाली यायलाच निघालेलं असतं. आपण मधेच त्याला परत वर ढकलतो, रात्री साडेदहाला ऑफिसचा ग्रुप उघडून, भांडणाच्या क्लिप्स बघून, सात वाजता स्टेशनबाहेर तिसरा चहा मारून. डोक्याची गोष्ट वेगळी. शरीर थकून गेलेलं असलं तरी डोकं चालू राहू शकतं, तुमचं तेच होतंय.

एक आधीच सांगून टाकते, यातलं किती जमेल हे परिस्थितीवर आहे. तुमचा बॉस रात्री अकराला मेसेज करून सव्वाअकराला उत्तर मागत असेल तर श्वासाचे व्यायाम सांगून मी तुमची फसवणूक करेन. फ्रान्समधे २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून लांब राहण्याचा हक्क कायद्याने आहे, आपल्याकडे तसं नाही, त्यामुळे इथे ज्याने त्याने आपल्या टीममधे बोलून घ्यावं लागतं. नाइट शिफ्ट असेल, घरात आजारी माणूस असेल, नोकरी जायची टांगती तलवार असेल तर गणित बदलतं. तुमच्या लिहिण्यावरून मला असं दिसतंय की काम जास्त आहे पण माणसं वाईट नाहीत आणि रात्री सहसा कोणी छळत नाही, तेव्हा पुढचं सगळं तसं धरून.

सगळ्यात आधी आवराआवर. ऑफिसमधून निघण्याआधीची शेवटची सात-आठ मिनिटं. खरं सांगते, एवढं एक केलं आणि बाकी काहीच केलं नाही तरी फरक पडलेला मी खूप जणांमधे बघितलाय. १९२७ मधे ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी मांडलं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या प्रयोगांत हे दर वेळी तसंच्या तसं दिसलं नाही, पण अर्धवट काम डोक्यात मधेमधे घुसतं हा अनुभव तर आपल्या सगळ्यांचाच आहे. २०११ मधे मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली आणि ती मला जास्त कामाची वाटते. ते काम पूर्ण करायची गरज नसते, ते कधी आणि कसं करणार याचा नीट प्लॅन केला तरी डोकं ते सोडून देतं. डोक्याला खात्री हवी असते की हे कुणीतरी बघणार आहे, बस.

पण प्लॅन कसा लिहिता याला फार महत्त्व आहे, इथेच लोक घाई करतात. 'व्हेंडरचं बघणे' असं लिहिलं तर तो प्लॅन नाही, ती नुसती आठवण झाली आणि तिने उलट धाकधूक वाढते. असं लिहा: 'उद्या सव्वादहाला, चहाच्या आधी, व्हेंडरच्या फाइलची तिसरी शीट उघडून बेरीज बँक स्टेटमेंटशी जुळवायची. जुळली नाही तर अकराला मॅडमना फोन, मेल नाही.' बघा, यात वेळ आहे, पहिली कृती आहे आणि गडबड झाली तर काय करायचं तेही आहे. अशा तीन-चार ओळी पुरतात. कागदावर लिहा, फोनवर नको, कारण फोन उघडला की ग्रुप दिसतो. आणि तो कागद ऑफिसच्या ड्रॉवरमधेच ठेवून या, घरी आणू नका. ज्या एका गोष्टीने दिवसभर छळलं, समजा कोणी मीटिंगमधे सगळ्यांसमोर बोललं, ती पण एका ओळीत लिहा आणि पुढे लिहा की यावर काही करणार आहे का, करणार असेन तर कधी. काही करायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा, 'सोडून देतोय'. लगेच सुटत नाही, पण रात्री दोनला तीच टेप वाजायला लागली की आपण ठरवलंय हे आठवतं.

निघताना विसरलात तर झोपण्याआधी करा, तेही चालतं. २०१८ मधे एक अभ्यास छापून आला, झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला दिलं, काहींना पुढच्या दिवसांत करायची कामं आणि काहींना झालेली कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि त्यांच्यातही ज्यांनी जास्त तपशिलात लिहिलं त्यांना आणखी लवकर. छोटा अभ्यास आहे, पण मी जे बघते त्याच्याशी जुळतो.

आता प्रवास. तुम्ही लिहिलंय की प्रवासातच अर्धा जीव जातो, मान्य आहे, संध्याकाळी कुर्ल्याला फास्ट लोकलमधे चढणं म्हणजे काय ते मला सांगायला नको. पण तो तास-सव्वा तास ही तुमच्याकडची एकमेव जागा आहे जिथे तुम्ही ना कुणाचे कर्मचारी ना कुणाचे बाबा. लोक तो तास ऑफिसचे मेल क्लिअर करण्यात घालवतात, 'घरी जाऊन फ्री होतो' म्हणून. माझा अनुभव उलट आहे, ट्रेनमधे मेल बघणारा माणूस घरी गेल्यावरही बघतोच कारण पाठवलेल्या मेलची उत्तरं यायला लागतात. करायचंच असेल तर ठाण्यापर्यंत करा आणि ठाणं गेलं की बंद, तिथून पुढे काहीही झालं तरी नाही. मुंब्र्याला एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे खाडी दिसायला लागते, खिडकी मिळाली तर बाहेर बघा, नाही मिळाली तरी शरीराकडे बघता येतं. उभ्या उभ्या एक करा. वरचं हँडल ज्या हाताने धरलंय तो हात बघा, गरजेपेक्षा दुप्पट जोराने धरलेलं असतं. तेवढी पकड सैल करा, पडणार नाही. मग जबडा, वरचे-खालचे दात एकमेकांवर दाबलेले असतील तर सोडा, जीभ टाळूवरून खाली घ्या. मग खांदे कानाकडे पाच सेकंद खेचा आणि एकदम सोडा, तीन-चार वेळा. स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडण्याची ही पद्धत एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात बसवली आणि आम्ही आजही वापरतो, कारण नुसतं 'सैल हो' म्हटलं तर माणसाला कळतच नाही की आपण आवळलेलो आहोत.

मेन लाइनवर भजनी मंडळी असतात ना डब्यात, टाळ घेऊन, दिवसभर कुठेतरी कारकुनी करून आलेली माणसं गर्दीत उभी राहून गात गात घरी जातात. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. गाताना श्वास सोडणं आपोआप लांबतं, ओळखीचे चेहरे रोज भेटतात, आणि ऑफिसचा विषय निघत नाही. तुमच्या गाडीला असा ग्रुप असेल आणि तुम्हाला आवड असेल तर लाजू नका, जा.

आता घराचं दार. इथे मी तुम्हाला जे सांगणार आहे ते सगळे थेरपिस्ट सांगतील असं नाही. सहसा सल्ला देतात की घरी गेल्यावर वीस मिनिटं स्वतःसाठी घ्या, मग घरच्यांमधे मिसळा. मोठी मुलं असतील तर ठीक आहे. सहा वर्षांची मुलगी दिवसभर तुमची वाट बघत असते, तिला 'वीस मिनिटांनी' म्हणजे काय ते समजत नाही, तिला एवढंच समजतं की बाबाने आत्ता मला बाजूला केलं. म्हणून ती वीस मिनिटं घराबाहेर घ्या, आधी. डोंबिवलीला उतरल्यावर गर्दीबरोबर पुलाकडे धावू नका, प्लॅटफॉर्मवर बाकावर बसा, गाडी जाऊ दे, लोंढा जाऊ दे. नाहीतर शेअर रिक्षाच्या लायनीत उभं राहण्याऐवजी चालत घरी जा, अंतर झेपण्यासारखं असेल तर. चालण्याने दिवसभर साठलेला ताण शरीरातून बाहेर पडायला वाट मिळते, आणि घरी दहा मिनिटं उशीर झाला तरी जो माणूस आत येतो तो वेगळा असतो. मग दारात मुलगी आली की पहिली पाच-सात मिनिटं पूर्ण तिची, फोन बॅगेतच. चित्र दाखवेल, शाळेतलं सांगेल, ऐका. तिचं समाधान झालं की ती स्वतःच खेळायला जाते. त्यानंतर आंघोळ, आणि त्यानंतर तुमची पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत किंवा असेल त्या कोपऱ्यात.

'कोणी बोलू नये' असं वाटणं याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका. रेना रेपेटी नावाच्या संशोधिकेने १९८९ मधे अमेरिकेतल्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरवर एक अभ्यास केला होता, ज्या दिवशी विमानांची गर्दी जास्त त्या दिवशी ते घरी येऊन गप्प-गप्प राहायचे, आणि जिथे जोडीदाराने समजून त्यांना तेवढी मोकळीक दिली तिथे त्यांचं घरात चिडणं कमी दिसलं. म्हणजे थोडा वेळ बाजूला होणं ही शरीराची मागणी आहे, प्रेम कमी झाल्याची खूण नाही. फक्त ते न सांगता केलं की समोरच्याला तो राग वाटतो. एक वाक्य सांगून टाका, 'आज डोकं भरलंय, अर्धा तास दे, तुझ्यावर काही नाही.'

आणि आता जे लिहितेय ते जरा मनावर घ्या. बायको ठाण्याला नोकरी करते असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तिचा दिवस कधी संपतो? ती साडेसातला घरी आली असेल, आल्या आल्या कुकर लावला असेल, मुलीचा अभ्यास, आईंची औषधं, उद्याच्या डब्याची भाजी निवडून ठेवणं. लेडीज डब्यात बायका भाजी निवडत घरी जातात याचं लोक कौतुक करतात, मला ते बघून वाईट वाटतं, कारण त्यांना मिळणारा तो एकमेव बसायचा वेळ पण कामात गेला. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी श्वासाबिश्वासाचं नंतर सांगते, आधी विचारते की रात्रीचा ओटा कोण आवरतं. तेव्हा तुमची वीस मिनिटं झाली की तिची वीस मिनिटं, त्या वेळात मुलगी आणि ताटं तुमच्याकडे. हे ठरवून करा, रोज मागावं लागलं तर ती मागणार नाही. आईंना पण सांगा असं ठरलंय, म्हणजे सून गॅलरीत बसलेली दिसली तर कोणाला काही वाटायला नको.

मोबाइलकडे येते. तुम्हाला वाटतंय की रील्समुळे झोप उडते. थोडं खरं आहे पण मुळात तुम्ही रात्री एकपर्यंत जागता कारण अख्ख्या दिवसात तो एकच वेळ असा आहे जिथे तुम्हाला कोणी काही सांगत नाही. दिवसाने जे दिलं नाही ते तुम्ही रात्रीकडून वसूल करताय. म्हणून नुसता फोन लांब ठेवला तर दोन दिवस जमतं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच, कारण भूक तशीच आहे. आधी साडेनऊ ते साडेदहाच्या मधे स्वतःच्या मर्जीचा अर्धा तास काढा, मग फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणं सोपं जातं. गजराचं कारण सांगू नका, साधं घड्याळ आणा.

त्या अर्ध्या तासात करायचं काय? झोनेनटाग आणि फ्रिट्झ या दोन संशोधिकांनी २००७ मधे कामानंतर माणूस कशाने भरून निघतो याच्या चार गोष्टी मांडल्या: कामापासून मनाने सुटणं, शरीर-मन शांत होणं, काहीतरी नवीन शिकणं किंवा जमवून दाखवणं, आणि तो वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. लोकांना पहिल्या दोन पटकन कळतात. तिसरी ऐकून म्हणतात, 'मॅडम, आधीच दमलोय, आता अजून शिकू काय?' पण खरंच सांगते, ज्यांचं डोकं ऑफिसमधून सुटत नाही त्यांना नुसतं पडून राहण्याने बरं वाटत नाही, कारण रिकामं डोकं परत तिथेच जातं. हातांना गुंतवणारं, थोडं अवघड पण ज्यात कोणी मार्क देत नाही असं काहीतरी लागतं. माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ यायचे, त्यांनी लहानपणी सोडलेला तबला परत सुरू केला, चाळीत रात्री आवाज नको म्हणून उशीवर बोल वाजवायचे. दुसरे एक सोसायटीच्या खोलीत रोज कॅरमचे दोन डाव खेळायला जातात. एका शिक्षिकेने मोडी लिपी शिकायला घेतली, रोज एक ओळ. मुलीबरोबर काही करता आलं तर उत्तमच, पण तिचा होमवर्क त्यात धरू नका.

आता तुमचं मेडिटेशन. जमलं नाही म्हणून तुमच्यात काही खोट नाही, क्रम उलटा झाला. शरीर तापलेलं असताना डोळे मिटून बसलं की बाहेरचं सगळं बंद होतं आणि आतला आवाज मोठा होतो, बऱ्याच जणांचं होतं असं. आधी हालचाल, मग श्वास, मग वाटलं तर ध्यान. श्वासाचं गणित सोपं आहे, आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, त्यामुळे सोडणं लांबवलं की हृदयाला हळू होण्याचा निरोप जातो. नाकाने श्वास घ्या, भरत आला की वरून आणखी एक छोटा घ्या, आणि तोंडाने सावकाश लांब सोडा. पाच मिनिटं. २०२३ मधे स्टॅनफर्डच्या लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं असं करणाऱ्यांची तुलना श्वासाच्या इतर प्रकारांशी आणि ध्यानाशी केली, चिंता सगळ्यांचीच कमी झाली पण मूड सुधारण्यात हा लांब उच्छ्वास ध्यानाच्या पुढे होता. चक्कर आल्यासारखं झालं तर थांबा, म्हणजे तुम्ही फार जोरात करताय.

आणि शवासन. लोक त्याला हसतात की हे काय, झोपायचंच ना. १९६९ मधे आपल्याच परळच्या केईएममधले डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लड प्रेशरच्या पेशंटना शवासन शिकवून त्याचा अभ्यास परदेशी जर्नलमधे छापला होता, बऱ्याच जणांचं प्रेशर उतरलं किंवा औषधाची गरज कमी झाली. (तुमच्या घरी कोणाची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही, हे सांगायलाच हवं.) नीट शिकायचं असेल तर मुंबईत सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून आहे, मरीन ड्राइव्हला कैवल्यधाम आहे, डोंबिवलीतही चांगले वर्ग सापडतील. एकदा कोणीतरी समोर बसून शिकवलं की व्हिडिओ बघून करण्यापेक्षा खूप फरक पडतो. जमिनीवर सतरंजी टाकून करा, गादीवर केलं तर झोप लागते आणि मग मधेच उठावं लागतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: ऑफिसमधे कागद, ठाण्यानंतर मेल बंद, घराच्या आधी वीस मिनिटं, मग मुलगी, मग तुम्ही, मग बायकोची पाळी, आणि फोन बाहेरच्या खोलीत. सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त कागद आणि ठाण्याचा नियम.

झोपेचं पटकन सांगते. चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको, कॅफिनचा निम्मा भाग पाचेक तासांनंतरही रक्तात असतो. आंघोळ तुम्ही घरी आल्यावर करताच, ती गार पाण्याऐवजी कोमट-गरम पाण्याने करा, त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि तासा-दीड तासाने शरीर आतून थोडं थंड होतं, झोपेला ते लागतं. जेवण नऊच्या आसपास उरका. दारूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते, एक पेग घेतला की झोप लवकर लागते हे खरं आणि रात्रीच्या दुसऱ्या भागात ती तुटते हेही खरं, सकाळी अंग जड होतं ते त्यामुळेच. रोज लागायला लागली तर ती रिलॅक्स होण्याची सोय राहिली नाही असं समजा. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळत असाल तर उठा, वन बीएचकेमधे कुठे जाणार हा प्रश्न आहे, स्वयंपाकघरात स्टूलवर बसा, मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचा, डोळे जड झाले की परत या.

बरेच पालक हे वाचतील म्हणून एक, दहावी-बारावीच्या मुलांनाही हेच लागू आहे. शाळा, मग क्लास, मग घरी आल्यावर दारातच 'पेपर कसा गेला, किती पडतील'. त्यांना पण आल्यावर अर्धा तास द्या, आधी खायला द्या, ते आपणहून सांगतात. नाही सांगितलं तर जेवताना विचारा.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन सतत उदास, आधी आवडणाऱ्या कशातच रस नाही, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप नाही, छातीत धडधड, सकाळी ऑफिसचा विचार आला तरी पोटात गोळा, असं असेल तर वरचे उपाय पुरणार नाहीत, तज्ज्ञ माणसाला भेटा. बायको सांगत असेल की तुम्ही घोरता आणि मधेच श्वास अडकतो तर तेही तपासून घ्या, आठ तास झोपूनही थकवा येण्याचं ते एक कारण असतं आणि लोक वर्षानुवर्षं त्याला टेन्शन समजतात. छातीत दुखलं तर आधी हार्टचं बघा, टेन्शनचं नंतर. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

तुमचा ऑडिटचा सीझन आला की हे सगळं कोलमडेल, ते गृहीत धरा. त्या महिन्यात बाकी सोडून द्या, कागद लिहिणं आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवणं एवढ्या दोनच गोष्टी चालू ठेवा, आणि बायकोला आधीच सांगून ठेवा की अमुक तारखेपर्यंत असं असेल. दोन आठवड्यांनी कागदाचं काय झालं ते इथेच लिहा, नीट लिहूनही रात्री तीच कामं डोक्यात येत असतील तर तुमच्या त्या तीन-चार ओळी जशाच्या तशा टाका, नावं-आकडे काढून, कुठे अडतंय ते बघू.